जातीच्या रकान्यात आयरिश

माय, तुला जाऊन चौदा वर्षं झाली आणि मी तुझ्या बापाचं गाव शोधून काढलं आहे. तुला हे आवडणार नाही, हे मला माहीत आहे. तरी सांगते.

मी आठवीत असताना शाळेतून वंशावळ लिहून आणायला सांगितली होती. तू भातकुलीच्या घरात चुलीजवळ बसून दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधतेस, मी वही घेऊन शेजारी बसले आहे. बाबांकडची नावं तू भराभर सांगितलीस. तुझ्याकडची विचारली तर फक्त आजीचं नाव सांगितलंस. "आजोबाचं?" मी विचारलं. तू हातातली जुडी खाली ठेवलीस. "काहून पुसून राहिली? मायचं नाव सांगतलं ना? तेवढं लिव अन् थांब." तू चिडलीस की तुझे घारे डोळे आणखी फिके दिसायचे. बाजारात तुला सगळे घारीच म्हणत, आणि गावातल्या बायका आजीबद्दल काय कुजबुजतात ते माझ्या कानावर आलेलं होतं. चिखलदऱ्याला कॉफीच्या मळ्यावर कामाला होती, साहेबानं ठेवली, मग पोटात पोर देऊन टाकून दिली. मी तेच खरं धरून चालले. तुझ्यावर रागावले की मनात तेही यायचं, हे तुला कधी कळू दिलं नाही.

गेल्या वर्षी अकोल्याला माझ्या लेकीला मुलगी झाली. बाळानं डोळे नीट उघडले आणि लेक म्हणाली, "आई, हे तर तुझ्या मायचे डोळे. पण तिला कोणाचे आले होते?" मी तिच्या मांडीवरून बाळ घेतलं आणि लंगोट बदलायला लागले. साठी उलटून गेली तरी मीही तुझ्यासारखीच विषय बदलत होते. त्या दिवशी मला ते बरं वाटलं नाही.

राजापेठेतल्या माझ्या घरून अमरावतीच्या जुन्या नोंदींच्या कचेरीत मी किती फेऱ्या मारल्या, ते मोजलं नाही. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या वह्यांना इथे कोतवाल बुक म्हणतात. बहुतेक लोक जातीच्या दाखल्यासाठी पणजोबाची नोंद शोधायला येतात. तिथल्या बाबूनं मलाही तेच विचारलं. "नाही, दाखला नको आहे," मी म्हटलं. "मंग कायले हात काळे करून राहिल्या, मॅडम?" असं म्हणत त्यानं चिखलदऱ्याची वही माझ्यापुढे सरकवली. कागद कडेनं भुगा झालेला. आणि त्यात तू होतीस, माय. मुलगी, जिवंत. आईच्या रकान्यात आजीचं नाव. बापाचा रकाना रिकामा असेल, अशी मनाची तयारी करून मी गेले होते. तिथे पूर्ण नाव होतं, धंदा कॉफी मळ्याचा मॅनेजर. जातीच्या रकान्यात कोतवालानं 'इंग्रज' लिहिलेलं. त्यावर कोणीतरी आडवी रेघ मारली होती आणि वर लिहिलं होतं, 'आयरिश'. म्हणजे तो स्वतः तिथे उभा होता. लपलेला माणूस असं काही दुरुस्त करून घेत नाही. बाबू वाकून बघत म्हणाला, "हे जात तं मी पहिल्यांदाच पाहून राहिलो." मला हसू आलं, आणि मी ती नोंद अक्षर न् अक्षर उतरवून घेतली.

मग मी आपल्या भातकुलीच्या वावराचे कागद काढले. ते दोन एकर आजीनं घेतले, एवढंच तू सांगायचीस. खरेदी आजीच्याच नावावर आहे, शेवटी साक्षीदार म्हणून त्याच साहेबाची सही. तू जन्मलीस त्याच वर्षीची. पण मला सगळ्यात जास्त वेळ लागला तो पुढचा एक कागद वाचायला. आजी गेल्यावर वारस म्हणून तुझं नाव लागलं, तेव्हा तलाठ्यानं तुझा जबाब घेतला होता. "बापाचे नाव मला ठाऊक आहे. ते लिहू नये. शेत आईचे आहे, आईच्याच नावाने मला मिळावे." खाली तुझी सही, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं. तुला नाव ठाऊक होतं. मला इतकी वर्षं वाटत होतं की तुला ते सांगायची लाज वाटते; तुला तर शेत आजीच्याच नावानं चालवायचं होतं.

पुढचं काम लेकीनं अकोल्यात घरी बसून केलं. आयर्लंडातल्या जुन्या जन्मनोंदी आता संगणकावर बघता येतात. एका मांडीवर बाळ आणि पुढे ते बारीक, तिरकं इंग्रजी. तिसऱ्या आठवड्यात तो सापडला. पश्चिमेकडचं एक लहान खेडं, बाप शेतकरी, नोंद सांगायला आलेल्या आईची सही नाही, नुसती फुली. जमिनीच्या जुन्या पुस्तकात त्याच्या आज्याचं नाव होतं, पण कसणाऱ्याच्या रकान्यात. मालकाच्या रकान्यात दुसराच कोणी. लेक म्हणाली, "आई, यांच्या नावावर काहीच नव्हतं गं." तेव्हा आजीच्या नावावर जमीन झाली त्या कागदावरची त्याची साक्षीदाराची सही मला निराळी दिसायला लागली.

लेकीनं तिथल्या चर्चला पत्र पाठवलं. दीड महिन्यानं एका म्हातारीचं उत्तर आलं. ती त्याच्या बहिणीची नात. तिनं लिहिलं की तो आजारी होऊन घरी परतला आणि वर्षाच्या आत छातीच्या दुखण्यानं गेला. हिंदुस्थानात माझी मुलगी आहे, असं तो बहिणीला सांगायचा. तापात बरळतो, असं घरच्यांना वाटलं. म्हणून कोणी पत्र लिहिलं नाही. आजीला हे कधी कळलं का, माय? की तो गेला आणि आलाच नाही, एवढंच तिच्याजवळ होतं? हे कुठल्याच वहीत नाही, आणि तुला विचारायची वेळ मी घालवली.

त्याचं नाव मी या पत्रातही लिहिलेलं नाही. तू तलाठ्याला लिहू दिलं नाहीस, तर मी कोण लिहिणारी. पण एक गोष्ट मी केली आहे. त्या म्हातारीनं विचारलं होतं, तुमची आजी त्याची कोण होती. लग्नाची नोंद मी शोधली. कचेरीत शोधली, अमरावतीच्या चर्चमध्ये शोधली, चिखलदऱ्याला जाऊन आले. कुठेच नाही. लेकीनं उत्तर लिहायला घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तिला सांगितलं, लिही, पत्नी.