मागच्या भिंतीतलं दार

६ मार्च
अंगणवाडीत आज नऊ पोरं. जुन्या गावात सतरा-अठरा यायची, आपली आपण, नाक पुसत. इथे नव्या वसाहतीत आयांनी आणून सोडायचं, कारण ए लाइनीतून डी लाइनीत यायला मधून वाटच नाही. नऊच्या नऊ रडत होती. मीही रडले असते, पण रजिस्टर भरायचं होतं.

संध्याकाळी द्रुपताबाईकडे. दार लोटलेलं.
"कोन हाय?"
"मी, शोभा."
"मंग ढकल ना, कडी कुठी लावली."
आत अंधार करून बसलेली. लाइट काऊन नाई लावली विचारलं तर म्हणे पाहाचं काय हाय?
पंचवीस वर्षं जिचं दार माझ्या दारासमोर होतं ती ही बाई नाही. ती भांडायची तरी.

९ मार्च, रविवार
सुट्टी. मोजून पाहिलं एकदाचं. माझं घर सी-१४, तिचं डी-१४, बरोबर माझ्या मागे. माझी मागची भिंत, मग गल्ली, मग तिचं दार. घरवाटपाच्या चिठ्ठ्या निघाल्या त्या दिवशी आम्ही दोघी बायका मंडपात नाचायच्या बाकी होतो. नंबर सारखा, गल्ली तेवढी मधे, अजून काय पाहिजे!

पण घरं एकाला एक चिकटलेली. मागे दार नाही. तिच्याकडे जायचं तर पुढून निघा, लाइन संपेपर्यंत चाला, वळा, तेवढंच उलटं परत या. चारशे बारा पावलं. जुन्या गावात अकरा होती, त्यातलं एक नालीवरून उडी.

गुडघे दुखतात. रोज जाणं होत नाही. खरं लिहायचं तर आठवड्यातून दोनदाच होतं.

११ मार्च
हे कोणामुळे झालं ते कुठेतरी लिहून ठेवलं पाहिजे. आमच्यामुळे झालं.

खाण आली, गाव उठणार ठरलं, तेव्हा इंजिनिअरनी ग्रामसभेत नकाशा भिंतीला लावला होता. त्यात घरं समोरासमोर होती, मधे गल्ली, दोन्हीकडे दारं. चांगला नकाशा होता तो. आता कळतं. अर्ध्या घरांची तोंडं पूर्वेला, अर्ध्यांची पश्चिमेला.

द्रु.बाई उठली. गावात बाई सहसा ग्रामसभेत उठत नाही, ही उठली. "माह्यं दार दक्षिनेले होतं. माहा मानूस तलावात जाळं टाकाले गेला, तो वापस नाई आला. अता नवीन घर देता तं पूर्वेकडूनच दार पायजे मले." मग एकेक जण, आमालेबी पूर्वच, आमालेबी. पश्चिमेचं घर घ्यायला कोणी तयार होईना. कोण होणार?

अर्ज कोणी लिहायचा? शोभाबाईचं अक्षर चांगलं. "सर्व घरांची दारे पूर्वाभिमुख असावीत, ही नम्र विनंती." सह्या, अंगठे, कोणी मागे राहिलं नाही. इंजिनिअरनी दोनदा विचारलं, नक्की ना? आम्ही टाळ्या वाजवल्या.

आयुष्यभर अर्ज लिहिले, रस्त्याचा, हापशीचा, अं.वाडीच्या छताचा. जसाच्या तसा मंजूर झाला तो हा एकच.

आता सगळ्यांची तोंडं पूर्वेला. म्हणजे प्रत्येकाच्या दारासमोर दुसऱ्याची पाठ.

१५ मार्च
पाठ म्हणजे साधी पाठ नाही. संडास, न्हाणी सगळी मागच्या भिंतीला. सी लाइनीचं सांडपाणी डी लाइनीच्या दारापुढून वाहतं.

द्रु.बाई: "सकाळी उठून दार उघडलं का समोर तुमचा संडास. मी सूर्याले हात जोडू का त्याले?"
मला हसू आलं. तिला नाही आलं.
म्हणून दार लोटून बसते. जाळं विणणंही बंद. आधी जाळ्याचं एक टोक माझ्या ओसरीच्या खांबाला बांधायची, गल्लीतून जाणारा येणारा वाकून जायचा, वाकता वाकता दोन शब्द बोलून जायचा. इथे बांधायला खांब नाही आणि वाकायला कोणी येत नाही.

तिच्या विलासचा फोन आला होता म्हणे. नागपूरला चल म्हणतो. तिसरा माळा.
"जातेस का?" मी विचारलं.
"इथी तं काय करून राह्यली मी?"
उठून आले.

१९ मार्च
वरोऱ्याला मीटिंग. येताना बस वसाहतीसमोरून भुर्रकन पुढे. कंडक्टर म्हणतो, "स्टॉप मंजूर नाई बाई, बोर्ड लागला का थांबवीन." फाट्यावर उतरवलं. तिथून दोन किलोमीटर चालत, आणि मधे कोळशाच्या ट्रकांचा रस्ता ओलांडायचा. एक ट्रक थांबेना, त्याच्यामागे दुसरा, त्याच्यामागे तिसरा. पदर तोंडाला लावून उभी राहिले, किती वेळ कोण जाणे.

घरी आले तर हे माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, "कोळसा कितीक आनला?"
खाणीत नोकरी मिळाल्यापासून ह्यांना विनोद सुचतात.

२३ मार्च, रविवार
आजचं आजच लिहून टाकते.

चार वाजता वांग्याची भाजी घेऊन द्रु.बाईकडे गेले. दार लोटलेलं, नेहमीसारखंच. ढकललं तर अडलं. तिचा पाय होता मधे. सकाळी पडली होती, पाणी घ्यायला उठताना. मनगट सुजून भोपळा. ओठ कोरडे पडलेले. वर स्लॅब तापलेला.

जुन्या गावात हे झालंच नसतं. तिच्या दारात सकाळी शेणसडा दिसला नाही तर सात वाजायच्या आत कोणीतरी कडी वाजवायचं, काय हो, बरं नाई का? इथे दारात सिमेंटच्या फरश्या, सडा टाकायचा कुठे. बाई जिवंत आहे का गेली, बाहेरून कळायला काही खूणच उरली नाही.

"हाक काऊन नाई मारली?"
"मारली ना. तुह्याच भिंतीले मारली."

मी सकाळपासून घरीच होते. सैपाकघरात. मिक्सर लावला होता.

२४ मार्च
चंद्रपूर. प्लास्टर घातलं. विलास नागपूरहून थेट दवाखान्यात आला. चांगला पोरगा आहे, ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.
"काकू, तुमी समोर होत्या म्हनून मी इतकी वर्षं बेफिकीर होतो. अता समोर कोन हाय?"
६ तारखेला रविवारी तिला न्यायला गाडी घेऊन येतो म्हणाला.

२७ मार्च
ह्यांना म्हटलं, मागच्या भिंतीत दार पाडू. संडास आणि सैपाकघराच्या मधे जागा आहे.
"समोर दार, मांग दार, एका रेषेत. लक्ष्मी इकून आली का तिकून निघून जाईन."
म्हटलं, येऊ तर दे आधी.
"पश्चिमेचं ऊन घरात घेशीन."
हे मात्र खरं.

दुपारी पुनर्वसन हापिसात. साहेब तरुण, चहा विचारला, नीट ऐकून घेतलं. मग फाइल काढून माझ्यापुढे ठेवली. "मॅडम, हे तुमच्याच गावाच्या अर्जावरून केलंय ना?" माझं अक्षर. चांगलं ठळक, समास सोडून. घरांच्या मालकीच्या पट्ट्यांचं वाटप होईपर्यंत भिंतीला हात लावता येणार नाही, असंही म्हणाला. चहा अर्धा टाकून आले. लाज वाटली, आणि साहेबाचाच राग आला, त्या बिचाऱ्याचा काय दोष.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली. मी सैपाकात. मागे धाडकन आवाज झाला, वाटलं सिलिंडर गेला. हे! लोखंडी सब्बल घेऊन भिंतीला लागलेले. रात्रपाळी करून आलेला माणूस, डोळे लाल.

भिंत म्हणजे काय, एका विटेची. दुपारपर्यंत माणूस जाईल एवढं भोक झालं. पलीकडे द्रु.बाईचं दार. ते उघडलं. प्लास्टरचा हात छातीशी धरून ती उभी.
"कोन हाय वो? चोर हाय काय?"
"चोर आत येते बाई, बाहीर नाई निंगत," हे म्हणाले. मग माझ्याकडे पाहून, "साडेतीन मुहूर्तातला एक हाय आज. अता लक्ष्मीले तक्रार करता येनार नाई."

पुरणपोळी भोकातूनच नेऊन दिली. नऊ पावलं. परत येऊन सैपाकघरात बसून रडले. ह्यांनी पाहिलं, आणि सिमेंटची थापी शोधायला निघून गेले.

द्रु.बाई दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यावर बसली होती. आमच्या न्हाणीच्या पाण्याला शिव्या देत. चार महिन्यांनी तिचा असा आवाज ऐकला.

१ एप्रिल
चार वाजता सैपाकघरात पापड वाळेल एवढं ऊन. "मी सांगतलं होतं" असं हे म्हणाले नाहीत. तीनदा म्हणाले नाहीत, तीनदा नुसतं उन्हाकडे पाहिलं. पोत्याचा पडदा लावला. भिजवून.

सी लाइनीच्या बाया पाहून गेल्या. सी-९ वाल्यांनी सब्बल मागून नेली. डी लाइनीतली एक जण तणतणत आली, तुमी भोकं पाडसान आन् आमच्या घरात पाहसान! तिचंही खरं. तिला बसवलं, चहा दिला. जाताना भोकातून गेली, जवळ पडतं म्हणून.

४ एप्रिल
नोटीस. पुढच्या दाराला चिकटवलेली. पंधरा दिवसांत भिंत पूर्ववत करावी, नाहीतर हापिसचे लोक येऊन करतील. सी-९ लाही.
ह्यांना वाचून दाखवली. ह्यांनी दाराला रंग कोणता द्यायचा ते विचारलं.

६ एप्रिल, रविवार
विलास आला. मला वाटलं होतं दार पाहून ती नाही म्हणेल. मनात मी धरूनच चालले होते.
ती गाडीत जाऊन बसली.
"आठ रोज जाऊन येते. पोराचा जीव थाऱ्यावर नाई."
"येशीन ना?"
"हात तं बरा होऊ दे."
तिनं घराची किल्ली मला दिली नाही. विलासच्या खिशात गेली. ही गोष्ट मला फार लागली. कोणाला सांगण्यासारखी नाही.

९ एप्रिल
दाराला फळ्या बसल्या. हिरवा रंग. उघडलं की समोर कुलूप.
एवढी धडपड करून मी एका कुलुपासमोर दार पाडलं.

१३ एप्रिल
तिचा फोन. विलासच्या बायकोच्या मोबाइलवरून, म्हणून आधी अगदी हळू.
"शोभे, इथी समोरासमोरच दारं हायेत वो. हात लांब केला का लागते."
"मग बरं हाय ना."
"काय बरं! सारे बंद. समोरच्या बाईले नाव इचारलं तं म्हने, काऊन, काही काम होतं काय?"
मी हसले. मग फोन ठेवल्यावर बसून राहिले. इतके दिवस मी सगळं पूर्व-पश्चिमेवर ढकलत होते, माझ्या अर्जावर ढकलत होते. तिथे तर दाराला दार आहे. मग जुन्या गावात नेमकं काय होतं? पोरांना मुळाक्षरं शिकवते, पण हे मला नीट सांगता येत नाही.

शेवटी तिनं विचारलं, "भोक हाय का बुजवलं?"
"हाय. दार लावलं. पन नोटीस आली हाय."
"बुजू देऊ नोको. येते मी."

१६ एप्रिल
विलासशी बोलले. त्याला सुट्टी नाही. "तिले एकटीले कशी पाठवू काकू? बस तिथी थांबत नाई. फाट्यावर उतरन, एका हातात प्लास्टर, समोरून ट्रकची लाइन."
त्याचं म्हणणं सगळंच बरोबर असतं.

एस.टी. च्या हापिसात स्टॉपचं विचारायला गेले. बोर्ड येईल म्हणाले.

२१ एप्रिल, सोमवार
मुदत संपली. हापिसातून निरोप, उद्या दहा वाजता माणसं आणि विटा घेऊन येतो, घरी थांबा. सी-९ वाल्यांनी आजच आपल्या भोकावर फळी ठोकून घेतली. सी लाइनीच्या बाया दुपारी माझ्याकडे जमल्या. उद्या साऱ्या जनी दारात बसू, शोभाबाई तुम्ही बोला, तुमाले बोलता येते. हो म्हटलं. बऱ्याच दिवसांनी अंगात जोर आल्यासारखं वाटलं.

त्या गेल्या आणि फोन आला. द्रु.बाई. दुसराच नंबर.
"उद्या सकाळच्या बशीनं निंगते. विलासले सांगतलं नाई. तूबी सांगू नोको."
"कोणत्या बशीनं? बाई, कोणत्या बशीनं?"
"भेटन त्या."
फोन बंद. परत लावला तर एक बाई बोलली, समोरच्या फ्लॅटमधली. म्हणाली आजीनं दार वाजवून फोन मागितला, मी दिला. मग तिनंच मला विचारलं, आजीचं नाव काय हो? सांगितलं.

विलासला कळवावं का, हे अजून ठरत नाही. कळवलं तर तो तिला अडवेल. नाही कळवलं आणि काही झालं तर.

नागपूरची पहिली गाडी फाट्यावर नऊच्या आसपास. दुसरी साडेदहा. मग बाराची. प्लास्टर अजून हातातच आहे तिच्या, आणि रस्त्यावर थांबून कोणाला हात दाखवेल अशी ती नाही, सरळ पाऊल टाकते.

ह्यांना म्हटलं, उद्या दहा वाजता तुम्ही दारात बसा बायांबरोबर. "मी काय बोलू?" काही बोलू नका, नुसते बसा, बोलायचं ते मुहूर्ताचं बोला. हसले नाहीत. पाळी बदलून घेतो म्हणाले.

अंगणवाडी मदतनीसबाईवर सोडली. मी आठ वाजताच फाट्यावर जाऊन उभी राहणार, बारापर्यंत, लागलं तर संध्याकाळपर्यंत. दाराचं काय व्हायचं ते होईल. तो रस्ता तिनं एकटीनं ओलांडू नये.