सांभाळायला दिलेली मारुती

रावपुरा, बडोदे
२१ जानेवारी २००८

तीर्थस्वरूप प्रतापदादांस,

दत्ताजीचा साष्टांग नमस्कार. नाशिकची हवा आपल्या गुडघ्याला मानवली असे कळले, फार बरे वाटले. इकडे आम्ही दोघे ठीक. मंदाचा खोकला उत्तरायणाच्या उंधियूबरोबर आला आणि उंधियू संपला तरी मुक्कामालाच आहे. नीरजा बंगळूरला सासरी सुखात आहे.

आपले पत्र परवा पोचले. ९३ साली मस्कतला जाताना आपण मारुतीची किल्ली माझ्या हातात ठेवलीत आणि ‘मी येईपर्यंत सांभाळ’ म्हणालात, त्याला यंदा पंधरा वर्षे होतील. (आपण आलात, पण नाशिकला आलात. त्यामुळे माझे सांभाळणे चालूच राहिले.) सख्ख्या भावाने भावाला दिले नसते ते आपण या आतेभावाला दिलेत. स्कूटरवर तिघे बसणारी माणसे आम्ही; मी तर पंचेचाळिसाव्या वर्षी स्टिअरिंग धरले. मंदाचे अपेंडिक्स फुटायच्या बेतात होते, तेव्हा भर दुपारी मांडवीच्या गर्दीतून याच गाडीने तिला दवाखान्यात पोचवले. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होते. दादा, माझा संसार शाबूत आहे तो आपल्यामुळे. हे आजवर तोंडाने बोलता आले नाही, म्हणून आज लिहितो.

आता आपण लिहिता की नाशकातले एक जुन्या गाड्यांचे शौकीन गृहस्थ हिच्यासाठी मागे लागले आहेत, तेव्हा गाडी पाठवून द्यावी. त्यांचे मागे लागणे बरोबरच आहे. ८४ सालची, अगदी पहिल्या घडणीची गाडी. ८६ नंतर तिचा चेहराच बदलला, आणि तो जुना चेहरा आता रस्त्यावर औषधालाही दिसत नाही. नंबर लावून आपण किती वाट पाहिली होती! गाडी आली त्या दिवशी समोरचे अँबॅसिडरवाले कनुभाई तिच्याभोवती दोन फेऱ्या मारून ‘बस, आटलीज?’ म्हणाले होते, जणू एवढीशी गाडी म्हणजे गाडीच नव्हे. (पुढे त्यांनीही हीच घेतली, आणि आता गेल्या दहा वर्षांत तिसरी नवी गाडी बदलली.) पण त्या गृहस्थांची अट आपण लिहिली आहे, की सगळे मूळचे हवे. इथेच माझी मान खाली जाते.

चाकांवरच्या मूळच्या टोप्या मंदाने लोणच्याच्या बरण्यांवर बसवल्या, आणि त्या अशा घट्ट बसल्या आहेत की लोणचेही बाहेर निघत नाही. सीट नीरजाच्या लग्नात लाल मखमलीच्या करून घेतल्या, खाली सोनेरी झालर. मूळचा हॉर्न पाणीगेटच्या एका मिस्त्रीने काढून नवीनच काही बसवले. आता गाडी मागे घेतली की आरती वाजते. आरती अर्ध्यावर सोडणे बरे नाही, म्हणून ती संपेपर्यंत मी मागे मागेच जातो. (एकदा असा पार गावाच्या टोकाला, समापर्यंत गेलो होतो.) कळस झाला तो नुकताच. उत्तरायणाच्या आधी आमच्या गल्लीत मांजा रंगवणारे बसतात हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यांची गुलाबी रंगाची बादली कलंडली आणि आपली पांढरीशुभ्र गाडी बोनेटपासून डिकीपर्यंत गुलाबी झाली. कनुभाई म्हणतात, ‘माश्तर, हवे आने लगनमां ज फेरवजो!’ म्हणजे आता ही फक्त लग्नाच्या वरातीतच फिरवायची. रंग पक्का आहे. असले ध्यान त्या गृहस्थांच्या दारात उभे राहिले तर आपली शोभा होईल, एवढीच मला काळजी.

वहिनीसाहेबांस नमस्कार, नातवंडांस अनेक आशीर्वाद.

आपल्या उपकारांत राहू इच्छिणारा,
दत्ताजी

ता. क. असले भंगार आपल्यासारख्यांच्या नावावर राहणे बरे दिसत नाही. म्हणून आर.टी.ओ.चा नाव बदलण्याचा फॉर्म सोबत जोडला आहे. सही कुठे करायची तिथे पेन्सिलने फुली केली आहे. सवडीने, पण लगेच पाठवावा.

आणखी एक ता. क. भाऊजींना मंदाचा नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिले, म्हणून वाचले. यातले अपेंडिक्स तेवढे खरे. चाकांच्या टोप्या ह्यांनी मलमलीत गुंडाळून माझ्या कपाटात ठेवल्या आहेत. माझा शालू खुंटीवर आहे. सीटवर तुम्ही ठेवलेले प्लास्टिक अजून तसेच आहे. हॉर्न मूळचाच आहे, पण तो झिजेल म्हणून हे काच खाली करून तोंडाने ‘खसो, खसो’ ओरडून लोकांना बाजूला करतात. बादली कलंडली हे खरे, पण हे मध्ये आडवे पडले. गुलाबी झाले ते हे आणि ह्यांचा लेंगा. मान अजून गुलाबी आहे. गाडीवर एक थेंब नाही. गाडी तुमची, तुम्हाला फसवून ठेवून घेणे मला पटले नाही, म्हणून हे लिहिले. तुमचे पत्र आल्यापासून हे धड जेवत नाहीत, उठून गाडीत जाऊन बसतात. फॉर्मवरची पेन्सिलची फुली फार पुसट होती, ती मी पेनने ठळक केली आहे.