कडेनं करपलेली पानं

१९ ऑगस्ट
पाणी, पाणी आणि पाणी! पायऱ्यांजवळच्या ओळीत द्राक्षाची पानं कडेनं करपायला लागली, म्हणून हे सकाळपासून नळी धरून उभे. "तहानलीय ती." पायाखाली चिखल झाला तरी एकच पालुपद. मी बोलले तर म्हणे, बाग तू लावलीस का? नाही बाबा. मी फक्त कण्हेरीचं कुंपण लावलं, शोभेला.

२४ ऑगस्ट
आणखी दोन ओळी.

३० ऑगस्ट
रोग तपासणारे साहेब आले. कण्हेरीची फांदी झटकली, तर तुडतुड्यांचा थवाच उडाला. हे किडे म्हणे कुंपणावर पोसतात, वेलीत सोंड खुपसतात आणि जंतू सोडतात. जंतूंनी वेलीच्या आतल्या नळ्या तुंबतात. मग मुळाशी तळं करा, पानापर्यंत थेंब पोचत नाही.

"औषध?" यांनी विचारलं.

"नाही. उपटा आणि जाळा." वर म्हणाले, वेल आतून आधीच आजारी असते, बाहेरून फार उशिरा कळतं.

ते गेल्यावर हे म्हणाले, "यमदूत परवडला, तो चहा तरी मागत नाही." मला हसू आलं नाही.

६ सप्टेंबर
कुंपण मीच तोडलं. चिकानं हात चुरचुरतायत. यांनी एका शब्दानं बोल लावला नाही. लावला असता तर बरं वाटलं असतं.

१५ सप्टेंबर
शेवटची ओळ उपटली. सासऱ्यांच्या हातची बाग, असा वाण आसपास कुणाकडे नाही. हे ताटावरून उठले. मग मीच आठवण करून दिली — धाकट्या लेकीनं सासरी जाताना गेल्या छाटणीच्या सहा काड्या लावायला नेल्यात. इतक्या लांब कुठले पोचतायत आपले तुडतुडे! बुडत्याला काडीचा आधार म्हणतात तो हाच. तेव्हा कुठे दोन घास पोटात गेले.

"म्हणजे वाण बुडाला नाही," म्हणाले.

३ ऑक्टोबर
धाकटीचा फोन. सहाही काड्या जगल्या. तिच्या सासऱ्यांनी कौतुकानं त्यांच्या बागेच्या ऐन मधोमध लावल्यात, आणि बाजूनं तुझ्यासारखंच कण्हेरीचं कुंपण आहे, म्हणाली. "फक्त पानं कडेनं जरा करपलीत, आई. काळजी करू नकोस, पाणी वाढवलंय."

हे समोर उभे राहून खुणेनं विचारत होते — जगल्या का?

मी मान डोलावली.