सरी माडतीनी

सोलापूर,
१० डिसेंबर १९७८

प्रिय पंचाक्षरी,

अक्षर पाहून पाकीट बाजूला ठेवणार नाहीस, एवढ्या भरवशावर लिहायला बसलो आहे. चार वर्षं झाली. मैंदर्गी इथून काही परदेशात नाही, सकाळच्या एसटीनं निघालं तर दुपारच्या जेवणाला तुझ्याकडे पोचतो माणूस. पण मी आलो नाही, तूही बोलावलं नाहीस, आणि दोघांनाही कारण ठाऊक होतं. तुझी विजयमाला मामाबरोबर सुखरूप पोचली असेल. पोरीनं नाव काढलं रे! मुलींच्या राज्य निवड स्पर्धेत पहिली आली, आता देशाच्या स्पर्धेत खेळेल. त्या स्पर्धेचा पंच मी होतो, हे तिनं सांगितलं असेल. ती गावीच वाढली, मला ओळखत नाही; मी तुझा कोण, हे मात्र मी तिला सांगितलं नाही. जीभच उचलली नाही.

तिला पटासमोर बसलेली पाहिली आणि तुझी ओसरी आठवली. माझे वडील मैंदर्गीला पोस्टमास्तर होऊन आले तेव्हा मी सात वर्षांचा, कन्नडचं अक्षर कळत नव्हतं. तुझ्या अव्वानं पहिल्याच दिवशी मला चुलीपुढे बसवलं, भाकरीवर शेंगांची चटणी घातली आणि म्हणाली, ‘ऊटा माडू.’ जेव म्हणते हे न कळून मी तोंड बघत बसलो, तेव्हा तिनं घास करून हातात दिला. गुरम्मा अव्वाच्या स्वयंपाकघरात मी कन्नड असं पोटातून शिकलो. आणि बुद्धिबळ शिकलो तुझ्या अप्पांकडून. ईरप्पांचा पट म्हणजे जुन्या धोतराचा तुकडा, त्यावर काजळानं आखलेली घरं. पण शिस्त केवढी! सोंगटीला हात लावला की ती हलवायचीच. नुसती सरळ करायची असेल तर आधी तोंडानं सांगायचं, ‘सरी माडतीनी’, नीट करतो. न सांगता हात लावला की अप्पा बोटांवर सुपारीचा अडकित्ता आपटायचे. मी दोनदा खाल्ला. तू एकदाही नाही.

तुला वाकडं काही बघवतच नव्हतं. पुढे तू ड्रॉइंग मास्तर झालास त्यात नवल नव्हतं. दोन्ही घोड्यांची तोंडं राजाकडे, हत्ती घराच्या मधोमध, नाहीतर तुझा डाव सुरू व्हायचा नाही. आपण सोलापूरला नोकरीला आल्यावर नव्या पेठेतल्या बुद्धिबळ मंडळात सगळे तुझी थट्टा करायचे. तिथं सोंगटी नीट करताना ‘झादूब’ हा फ्रेंच शब्द म्हणायची फॅशन होती आणि आपल्या लोकांनी त्याचं पार ‘झाडू’ करून टाकलं होतं. मीही ऐटीत ‘झाडू’ म्हणायचो. तू मात्र ओठातल्या ओठात अप्पांचंच वाक्य म्हणायचास. मंडळातल्यांना वाटायचं, मास्तर जप करतात.

बाहत्तर साली जगज्जेतेपदाच्या सामन्यानं सगळ्या गावाला वेड लावलं, आठवतं? चहाच्या टपरीवर माणसं वजिरावरून भांडायची. त्यानंतर आव्हानवीर ठरवणाऱ्या सामन्यांचे डाव तू वर्तमानपत्रातून कापून वहीत चिकटवायला लागलास. मंडळाच्या फळ्यावर तू एकदा शिडी काढली होतीस: खाली राज्य, वर देश, मग आशियाचा आपला विभाग, मग विभागाविभागांची स्पर्धा, मग आव्हानवीरांचे सामने, आणि सगळ्यात वर जगज्जेत्यासमोरची एक रिकामी खुर्ची. लोक हसले. कुणीतरी म्हणालं, ‘मास्तर, खुर्चीला उशी बी काढा की!’ तू खरंच उशी काढलीस. मी हसलो नव्हतो, कारण आपल्यात त्या शिडीवर दोन पायऱ्या तरी चढेल असा तू एकटाच होतास. मला हे त्या दिवशीच ठाऊक होतं. तेच मला खुपत होतं.

आता त्या दुपारचं लिहितो. अजून टाळत आलो, आता नाही टाळत. चौऱ्याहत्तरचा डिसेंबर, निवड स्पर्धेची शेवटची फेरी, तुझे माझे गुण सारखे आणि पुढे जाणार एकच. तीन तासांत तू मला पार कोंडलं होतंस. दोन प्यादी जास्त, डाव तुझाच. तुझा एक घोडा राजाच्या दाराशी राखणीला होता. तो हलला असता तरच माझ्या वजिराला आत वाट होती, आणि तू तो हलवणार नव्हतास हे आंधळ्यालाही दिसत होतं. गिरणीचा भोंगा वाजून संपला. तुझी खेळी होती. त्या घोड्याचं तोंड जरा वाकडं झालं होतं. तू नेहमीसारखं पुटपुटलास आणि दोन बोटांनी घोडा सरळ केलास.

माझा हात वर गेला. शपथेवर सांगतो, हात आधी गेला, विचार नंतर आला. पण पंच टेबलापाशी येईपर्यंत विचार आला होता, आणि हात खाली घ्यायला भरपूर वेळ होता. पंच पुण्याचे, सज्जन माणूस, कन्नडचा गंध नाही. त्यांनी विचारलं, हात लावण्याआधी काही बोललात का? तू हसलास. अगदी निर्धास्त हसलास. म्हणालास, ‘बोललो की! ह्याला इचारा साहेब, ह्याला कळतंय.’ आणि माझ्याकडे पाहिलंस. अडकित्त्याचा मार खाल्लेल्या, अव्वाच्या हातचं जेवलेल्या माझ्याकडे. मी पटावर नजर ठेवून म्हणालो, ‘भोंगा वाजत होता. मला काही ऐकू आलं नाही.’

तू वाद घातला नाहीस. तू एकदा तरी ओरडायला हवं होतंस रे! घोडा उचललास, दुसऱ्या घरात ठेवलास आणि तिथंही तो मधोमध सरळ करून ठेवलास. चार खेळ्यांत राजा गेला. कागदावर सही केलीस, हात पुढे केलास आणि म्हणालास, ‘सरी, चिंत्या.’ ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ. मी तेव्हापासून तो शब्द उलटासुलटा करून पाहतो आहे, त्यात राग कुठे सापडत नाही. पुढच्या जूनमध्ये तू बदली मागून गावी गेलास आणि फळ्यावरची शिडी कुणीतरी पुसली.

मी देशाच्या स्पर्धेत गेलो आणि खालून दुसरा आलो. शोभा करून घेतली. पंचाहत्तरच्या एप्रिलमध्ये जगज्जेता खेळायलाच आला नाही आणि एकही प्यादं न हलवता आव्हानवीराला किताब मिळाला. मंडळात सगळे म्हणाले, न खेळता जिंकला, ह्यात काय मजा! मी चहा अर्धा टाकून घरी आलो. खाई त्याला खवखवे. तेव्हापासून मी स्पर्धेत खेळलो नाही, पंच झालो. लोकांना वाटतं, केवढा त्याग. चौऱ्याहत्तरचा तो चषक तुझ्या प्रेमलावहिनीनं रेडिओवर ठेवला आहे. दर शुक्रवारी ती तो पुसते आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो.

आणि परवा विजयमालाच्या शेवटच्या फेरीत मुंबईच्या मुलीनं हात वर केला. मी जवळच उभा होतो. तुझ्या लेकीनं घोड्याचं तोंड सरळ केलं होतं, आणि करण्याआधी पुटपुटली होती. तेच दोन शब्द, तसाच खाली पाडलेला आवाज. घाबरून म्हणाली, ‘बोलले की मी, सर.’ मी निकाल दिला: नियमात आधी सांगावं एवढंच आहे, कुठल्या भाषेत ते लिहिलेलं नाही. हिनं सांगितलं, ते मी ऐकलं, डाव पुढे चालू. एवढं सोपं होतं ते. एका वाक्याचं काम होतं.

डाव संपल्यावर पोर माझ्यापाशी आली. म्हणाली, ‘सर, तुमाला कन्नड येतंय व्हय? अप्पा म्हणालते, मराठीतच सांग, स्पर्धेत आपली भाषा कळणारं कुणी नसतंय. त्यांचा एक डाव असाच गेला म्हणं. समोरच्याची काय चूक न्हवती, त्याला बिचाऱ्याला कळलंच न्हाय.’ मग विचारलं, कुठं शिकलात? मी म्हणालो, असंच, कानावर पडून.

म्हणून हे पत्र. तू चार वर्षं स्वतःच्या लेकीशी खोटं बोललास, ते माझ्यासाठी. ते ओझं आता मला उचलू दे. राज्य संघटनेला मी सगळं लिहून कळवलं आहे, पंचाचं काम सोडलं आहे आणि चौऱ्याहत्तरच्या विजेत्याच्या जागी तुझं नाव घालायला सांगितलं आहे. ते पत्र मी सकाळीच पेटीत टाकलं, कारण तुला आधी कळवलं असतं तर तू ‘सरी, चिंत्या’ म्हणाला असतास आणि मी लगेच थांबलो असतो, एवढा मी स्वतःला ओळखतो. तू जगज्जेता झाला असतास असं मी म्हणत नाही. पण तुझी पायरी कुठली, ते तुला खेळून कळायला हवं होतं, आणि ते आता कुठल्याही पत्रानं व्हायचं नाही. माफी मागत नाही, फक्त एक कर. हे पत्र विजयमालाला वाचून दाखव. तिला सांग, देशाच्या स्पर्धेत खुशाल आपल्या भाषेत बोल. आणि हेही सांग, की चौऱ्याहत्तरला त्या दिवशी स्पर्धेत कन्नड कळणारा एक माणूस होता, तो तिच्या अप्पांच्या समोरच बसला होता, आणि त्याला स्पष्ट ऐकू आलं होतं.

तू म्हणू देशील तर अजूनही तुझाच,
चिंत्या