जाऊबाईंचा डावा गाल

४ मार्च १९८६
हे जिवंत होते तेव्हाची गोष्ट. एका सकाळी चूल पेटवली, तव्यावर तंबाखू भाजली, कुटून मिश्री डबीत भरली. मग तवा पुसून त्यावरच भाकरी. रोजच्यासारखंच. ह्यांनी भाकरी पाण्यात कुस्करून मागितली, ठेचा बाजूला सारला. मला वाटलं, रुसलेत. पुढं तोंडच उघडेना. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता.

आज आठवलं, कारण आरोग्य केंद्राची नर्सबाई वस्तीत आली. विहारात बायांना बसवून म्हणाली, "तंबाखू-मिश्रीनं तोंडात काय होतं ते शिकवते. दोघी जणी तयार व्हा. बाहेरच्या माणसाला बाया तोंड दाखवत नाहीत, तुमचं तुम्हीच बघा."

आमचीच वस्ती का? टँकर आमच्याकडं सगळ्यात शेवटी येतो, ही बाई पहिली इथंच आली. नसबंदीच्या वर्षीही जीपवाले असंच गोड बोलत होते. वाचता येतं म्हणून माझं नाव घेतलं. वाचायला शिकले ते तंबाखूच्या पुडीवरची अक्षरं लावून, हे तिला सांगितलं नाही.

७ मार्च
शिकायला गेले. विश्वास बसला म्हणून नव्हे, काय करते ते बघायला. रंगीत चित्रं दाखवली. गालाच्या आत पांढरा चट्टा. "तिखट सोसत नाही, तोंड कमी उघडतं. लवकर दाखवलं तर वेळ असतो."
वेळ असतो म्हणे. पुढचं ऐकलं नाही मी. बाजूला सारलेला ठेचा दिसत राहिला.
जाताना बॅटरी दिली. सही घेतली नाही. का घेतली नसेल, हाच विचार करत घरी आले.

१२ मार्च
पाझर तलावाचं काम. दुष्काळात पाटलाकडची पारूबाईसुद्धा रोजगार हमीच्या कामावर येते. आमच्या घागरीतलं पाणी तिला चालत नाही, डबीतली मिश्री चालते. आज मी डबी नेली नाही. तिनं हात पुढं केला, तो तसाच राहिला.
"का गं? माझा इटाळ व्हतो का तुझ्या डबीला?"
बाया खदखदून हसल्या. माझ्या थोरल्या जाऊबाई, गयाबाई, हसल्या नाहीत. त्यांनी आपली डबी पुढं केली, अन् आपला ठेचा हळूच माझ्या भाकरीवर सारला.
"तोंड आलंय जरा."
"कधीपासून?"
"गप जेव."

१३ मार्च
संध्याकाळी बॅटरी घेऊन गेले. "जाऊबाई, तोंड उघडा."
"का? बाया धरून दिल्या की काय मिळतंय तुला?"
"काही नाही."
"फुकट कोण बघतंय दुसऱ्याच्या तोंडात? माझ्या दिराला नेलंस दवाखान्यात. काय घिऊन आलीस माघारी?"
बॅटरी त्यांच्या हातात दिली अन् माझंच तोंड उघडलं. लई वेळ बघितलं त्यांनी.
"दात काळं हायती. दुसरं काय कळंना."
मग त्यांनी उघडलं. दोन बोटंही जाईनात. डावीकडं, आत...
बॅटरी विझवली.
"काय हाय?"
"उद्या उस्मानाबादला जाऊ."
"तिथं ठिवून घेतील मला. तुजं तोंड आधी बघू दे त्यास्नी. मग बघू."

१५ मार्च
काल तवा भाकरीपुरताच तापवला. दोघींनी कामावर खाडा केला, पहिल्या एसटीनं गेलो. डॉक्टरांनी बोलावलं तेव्हा मी आधी आत गेले अन् तोंड उघडलं. जाऊबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.