रबरी चपलांचे चार तुकडे

कोपर, डोंबिवली (प.)
७ जानेवारी २०२४

चि. जयेश यास,

अ. उ. आ. पत्ता तूच दिलायस म्हणून मिरजेला पाठवतेय. तेवढ्यात तुझा पाळणा दुसऱ्या गावाला गेला नसला म्हणजे मिळवली.

जत्रेतल्या मोठ्या पाळण्याच्या जनरेटरवर बसतोस हे कळल्यावर हसूच आलं. बापूसच्या होडीचं इंजिन नको म्हणून पळालास आणि शेवटी इंजिनापाशीच बसलास. फोन नदीत पडला ते एक बरं झालं. नाहीतरी फोनवर तुझं नाव घेतलं की बापूस भिंतीकडे तोंड करतो, आणि एका खोलीत कुजबुजणार तरी कुठे?

काम असं की तू जोडून दिलेल्या कॉम्प्युटरची गिरणी झालीय. मी घरून विम्याचे फोन घेते ना, तर परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, मॅडम, मागे मिक्सर चालू आहे का. दोन तक्रारी गेल्यात. आमच्या संचिता मॅडम म्हणाल्या, तिसरी आली तर घरचं काम बंद, रोज माजिवड्याच्या ऑफिसला यायचं. मग बापूसकडे कोण बघणार? उजवं अंग गेल्यापासून पाणीसुद्धा मीच पाजते. त्यात माझा आवाज आधीच ऑफिसवाल्यांना मोठा वाटतो. त्यांना काय सांगू, धुक्यात बांधावर उभी राहून होडीला हाका मारमारून हा आवाज झालाय म्हणून?

कॉम्प्युटरचं कॅबिनेट बापूसच्या पलंगाच्या उशाला फळीवर आहे, तू ठेवलेलास तिथेच. अख्खा लोखंडी पलंग थरथरतो. बापूस तक्रार करत नाही. डाव्या हाताने पलंगाचा पाइप धरून दिवसभर पडून असतो.

आवाज कसा कमी करायचा ते लिही. सोप्या भाषेत लिही, आणि विषय सोडून भटकू नकोस.

तुझ्यावर माया आहे, रागही आहे. दोन्ही जपून ठेवलंय.
तुझी ताई,
भाविका


मिरज
१५ जानेवारी

ती. ताईला,

जयेशचा सा. न. वि. वि. खरंच वाकून केला, जनरेटरवर डोकं आपटलं.

ताई, इथे तंबोरे बनवणारे लोक आहेत. भारी काम. प्रभाकरकाका म्हणून एक म्हातारे आहेत, त्यांच्या दुकानात तासभर बसलेलो, मालक शोधत आलेला. विषय सोडला असं म्हणू नकोस, ऐक. काका म्हणाले, तार एकटी काहीच बोलत नाही, मच्छरासारखी गुणगुणते. तिचा आवाज मोठा करतो तो खालचा भोपळा. मला लगेच आपला कॉम्प्युटर आठवला. तो बिचारा थोडासाच थरथरत असेल. तुझी फळी आणि पलंग, हा त्याचा भोपळा.

तर असं कर. बटण बंद, वायर काढ. डाव्या बाजूचा पत्रा उघड. आत पंखे असतील, त्यांच्यावर चार वर्षांची धूळ असेल. रंगाच्या ब्रशने झाड, पण पातं बोटाने धरून, नाहीतर पंखा गरगर फिरून खराब होतो. मग सगळे स्क्रू बघ, ढिला असेल तो आवळ. पत्रा लावताना नीट बसव, अर्धा खडखडाट त्याचाच असतो. शेवटी जुन्या रबरी चपलेचे चार तुकडे काप आणि कॅबिनेटच्या चार कोपऱ्यांखाली ठेव. होडीच्या इंजिनाखाली बापूस टायरचे तुकडे घालायचा ना, तसंच.

त्याला सांगू नकोस मी लिहिलंय ते. पॅरालिसिस झाला तेव्हा दारापर्यंत आलेलो, त्याने भिंतीकडे तोंड केलं, ते अजून डोळ्यांसमोर आहे. होडी विकली तीही माझ्यामुळेच. मला माहितीये.

इथला बटाटेवडा बेकार आहे. लोभ आहेच तुझा, तो उतू नको जाऊ दे, आटू पण नको देऊ.
तुझा जया


कोपर
२४ जानेवारी

चि. जयेशला आशीर्वाद,

डोकं सांभाळ, आत फारसं नसलं तरी.

तू सांगितलंस तसं केलं. धूळ एवढी निघाली की सुपात भरून टाकली, आणि तुझा तुटका इयरफोन आत सापडला. चपला बापूसच्याच कापल्या, निळ्या. दोन वर्षं खाटेखाली पडून होत्या, कोण घालणार होतं? दोन्हींचे दोन-दोन तुकडे केले.

आता खरी गंमत. मी स्क्रू आवळत होते तर बापूसने खुणेने कॅबिनेट जवळ आणायला लावलं. चालू करून त्यावर डावा हात ठेवला, डोळे मिटले, आणि म्हणाला, मागचा वरचा नट ढिला हाय. बघते तर खरंच ढिला! मग विचारलं, तुला हे कोणी शिकवलं. मी म्हटलं, दुकानातला एक जण आहे. तर म्हणाला, त्याला कान हाय.

तुला काय समजायचं ते समज.

आवाज निम्मा गेलाय. एक बारीक घूं घूं राहिलीय, ती हेडफोनमधून जातेच. संचिता मॅडमनी तीन आठवडे दिलेत. त्याचं काय करू?

माया निम्मी झालेली नाही.
तुझी ताई


मिरज
२ फेब्रुवारी

ती. ताईला,

सा. न. ‘त्याला कान हाय’ ही ओळ मी इतक्यांदा वाचली की मेसमधलं जेवण संपलं. उपाशी झोपलो, पण मस्त झोपलो.

उरलेली घूं घूं हार्ड डिस्कची. आत एक चपटी लोखंडी डबी असते, तिच्यात तबकडी फिरते. तिचे चार स्क्रू काढ आणि तिला इलॅस्टिकच्या दोन पट्ट्यांवर आडवी लटकव, वायरी तशाच राहू देत. परकरात घालतात तेच इलॅस्टिक चालेल. आणि फळीवरून कॅबिनेट उतरवच. लांब, ओट्याखाली जमिनीवर ठेव, चपलेचे तुकडे खाली घालून. पलंगाचा आणि त्याचा संबंधच तोड. बापूसला इंजिनाने जन्मभर नीट झोपू दिलं नाही. आता तरी शांत झोपू दे त्याला.

आमचा पाळणा बारा तारखेपासून बार्शीला. पत्र जत्रेच्या मैदानाबाहेरच्या चहावाल्याकडे पाठव, पत्ता मागे लिहिलाय. मधे मी आणि अपूर्व, आमचा तिकीटवाला, लोणारचं तळं बघून येणार. आकाशातून दगड पडून झालंय म्हणतात. दोनच दिवस.

मार्चमध्ये घरी येऊ का? त्याला विचार. नको, विचारू नकोस. आडून विचार.

माझ्यासारख्यावर लोभ ठेवणं सोपं नाही, तरी ठेव.
तुझा जया


कोपर
९ फेब्रुवारी

चि. जयेश,

आशीर्वाद. घाईत लिहितेय.

सगळं केलं. डिस्क लटकवली, कॅबिनेट ओट्याखाली नेलं. घर इतकं शांत झालं की शेजारचा कुकर आपल्यातच वाजल्यासारखा वाटला. संचिता मॅडम खूश.

तासाभराने बापूसने पाइपावरचा हात उचलला. परत ठेवला. परत उचलला. आणि तुला हाक मारली. चार वर्षांत पहिल्यांदा. जया, इंजिन बंद पडलं, बघ, म्हणाला.

जया, तो इतके महिने होडीत होता रे. हाताखाली त्याचं इंजिन चालू होतं म्हणून शांत पडलेला. मला वाटायचं आजारपणाने गप्प झालाय. आपण दोघांनी मिळून त्याचं इंजिन बंद केलं.

मी सगळं उलटं करून पाहिलं. कॅबिनेट फळीवर, डिस्क जागेवर, नट ढिले. त्याने हात लावला आणि म्हणाला, हे आपलं नाय, दुसऱ्याची होडी चाललीय. गेलेली धूळ आता कुठून आणू?

जेवत नाही. ओहोटी लागलीय, बाहेर ओढला जातोय म्हणतो. डावा पाय खाली सोडून चपला शोधतो, बांधावर जायला. चपला मी कापल्यात.

तुझ्या मालकाला फोन केला. ते म्हणाले, पोरगा कुठे गेलाय माहीत नाही, बार्शीला येईल. म्हणून हे तिथेच पाठवतेय. मिळताच निघ. तो तुलाच हाक मारतोय.
भाविका


लोणार
१४ फेब्रुवारी

ती. ताईला,

सा. न. कार्डावर जागा कमी आहे, म्हणून थोडक्यात. तळं बघितलं, वेड लागेल! अपूर्व म्हणतो, इथवर आलोच आहोत तर अजिंठा करून जाऊ. मालक ओरडेल, ओरडू दे. घूं घूं गेली ना? बापूसला आता निवांत झोप लागत असेल. त्याला म्हणावं, कानवाल्याने विचारलंय.
जया


माजिवडा, ठाणे
६ मार्च

जयेश,

बापूस १९ फेब्रुवारीला सकाळी गेला. तेरावं झालं. पाणी चुलत्यांनी दिलं.

दोन दिवस तो हाका मारत होता आणि मी म्हणत होते, येईल हं जया. तिसऱ्या दिवशी सहन होईना. आवाज जाड केला आणि म्हटलं, बघतोय बापूस, होईल चालू. लगेच शांत झाला. दोन चमचे पेज घेतली. मग दहा दिवस मी तूच होते. गिऱ्हाइकांशी मॅडम आणि त्याच्याशी जया. तेल बघितलं का विचारायचा, मी बघितलं म्हणायचे. शेवटच्या सकाळी म्हणाला, सुकाणू घे. मी म्हटलं, घेतलं.

त्याने तुला माफ केलं का, हे विचारू नकोस. त्याला राग आठवतच नव्हता. तू त्याच्याजवळ होतास.

मी दोन वर्षं त्याचं सगळं केलं, जया. त्या दहा दिवसांत त्याने मला एकदाही नेहमीसारखी बाय म्हणून हाक मारली नाही. भाविका कुठे आहे, एवढंही नाही. कशी मारेल? होडीत मी कधी नव्हतेच. पोरीला कोण घेतं होडीत?

आता हौसाआत्याकडे राहते, इथून ऑफिस जवळ पडतं. किल्ली शेजारच्या शिवानीवहिनीकडे ठेवलीय. फोन करू नकोस. मला बोलायचं नाही कुणाशी, माझा आवाज वापरून संपलाय. लिहायचं तर लिही.

लोभ मागत नाही. द्यायलाही सध्या नाही.
भाविका


कोपर
१५ मार्च

ती. ताईला,

साष्टांग नमस्कार. आज पूर्ण लिहिला.

दोन दिवसांचा महिना झाला, बार्शीला परवा पोचलो. तुझी दोन्ही पत्रं तिथल्या चहावाल्याने एकदम दिली, साखरेच्या डब्याखालून काढून. वरचं आधी उघडलं, ते सहा मार्चचं होतं. मग दुसरं वाचलं, त्यात बापूस अजून जिवंत होता आणि मला हाक मारत होता. लोणारचं तळं गोल आहे, ताई. अजिंठ्याला अंधार आहे. एवढंच बघितलं मी.

माफी मागायला तोंड नाही. वहिनीने किल्ली दिली, चहा दिला. माझं लोणारचं कार्ड तू गेल्यावर पोचलेलं, दाराखाली पडलेलं. फाडलं.

एक गोष्ट तुला माहीत नाही, कारण तू बांधावर असायचीस आणि आम्ही होडीत. धुकं असलं की खाडीच्या तोंडाशी बापूस मला इंजिन बंद करायला लावायचा. ओहोटीत होडी मागे ओढली जायची, मी जाम घाबरायचो. तो म्हणायचा, गप, बाय हाक मारल. कानामागे हात धरून बसायचा. तुझी हाक आली की तिकडे सुकाणू वळवायचा आणि मग मला सांगायचा, कर चालू. एकदा तुला ताप होता, तू आली नव्हतीस. धुकं जाईपर्यंत आम्ही तसेच पाण्यावर. मी रडलो, तरी त्याने इंजिन लावू दिलं नाही. बायचा आवाज नाय तर जायचं कुठं, म्हणाला.

त्या दहा दिवसांत त्याच्या मनात काय होतं, मला माहीत नाही. मी नव्हतो. पण आमचं इंजिन बंद असलं की तो फक्त तुझी वाट बघायचा, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि तू त्याच्या उशाशी बसून माझ्या आवाजात बोलत होतीस. माझ्यासाठी. मी तिथे नव्हतो म्हणून. हे लिहायला नको होतं बहुतेक. कुठे थांबायचं ते मला कुणी शिकवलं नाही, आणि ज्याने शिकवलं असतं त्याच्याजवळ मी थांबलो नाही.

कॉम्प्युटर लावलेला नाही. तू परत ओट्याखाली ठेवलेलं कॅबिनेट उचलून चपलांचे चारही तुकडे काढले, धुतले, पलंगाखाली जुळवून ठेवले. मधे सुरीच्या रेघा दिसतात, पण दुरून चपलाच वाटतात.

रविवारी माजिवड्याला येतो. वर येणार नाही, बेल वाजवणार नाही. आत्याच्या बिल्डिंगखाली उभा राहीन. तू खिडकीतून हाक मारशील तेव्हा वर येईन. नाही मारलीस तर पुढच्या रविवारी परत येईन.

लोभ तुझ्याकडेच राहू दे. मला फक्त ऐकू येऊ दे.
तुझा जया