भिंतीकडून येणारा उजेड

मंगळवार, ४ मार्च

तिसगावात एसटीतून उतरले तेव्हा उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. माझा पहिला सिनेमा! नियाजसर कॅमेरामन, मी त्यांची असिस्टंट. शॉटच्या नोंदींसाठी खिशात मावेल अशी वही घेतलीय, मागच्या पानांवर हे लिहीन.

गावाबाहेर सरकीचं रिकामं गोदाम आहे. गोष्ट सगळी एका रात्रीत घडते, पण शूटिंग आम्ही दिवसा करणार. खिडक्या, झरोके, सगळं काळ्या कापडाने बंद. बाहेर चटके बसतायत आणि आत मध्यरात्र. सर म्हणाले, पूर्वी अशा रात्रीला ट्रकभर लाइट लागायचे, आता या कॅमेऱ्याला एक बारका दिवा पुरतो.

तो दिवा सांभाळतो सूर्यभान. इथलाच, आधी पाथर्डीत लग्नाच्या मांडवांना रोषणाई करायचा. त्याची आई मालनबाई आम्हाला जेवायला करते. आज तीन भाकरी खाल्ल्या.

६ मार्च

सूर्यभानने शिकवलं: दिवा एका बाजूला ठेवला की अर्धा चेहरा अंधारात जातो, समोर थर्माकोल धरला की त्यातला थोडा परत मिळतो. निळा दिवा म्हणजे चांदणं, पिवळा म्हणजे कंदील. मला म्हणाला, "ताई, उजेड कुनीबी पाडतंय. सावली कुठं ठिवायची त्ये कळाय पायजे."

संध्याकाळी लॅपटॉपवर आजचं काम पाहिलं. सेटवरच्या खुर्चीला दोन सावल्या होत्या. दिवा तर एकच होता. दुसरा उजेड मागच्या भिंतीकडून येत होता, फिकट, जुन्या कागदासारखा. आम्ही जाऊन पाहिलं. सलग दगडी भिंत, फट नाही. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसत नाही, फक्त कॅमेऱ्याला दिसतं. सर म्हणाले, सेन्सरचा दोष असेल, नंतर कॉम्प्युटरवर सिनेमाचे रंग ठीक करताना काढून टाकू.

८ मार्च

क्रमाने लिहिते.

आज तो उजेड वाढला होता. मॉनिटरवर खुर्चीच्या पुढे फरशीवर पसरलेला. सूर्यभान म्हणाला, भिंतीवर आणखी एक कापड लावून बघतो. तो गेला. मी मॉनिटर बघत होते. उजेड त्याच्या तोंडावर पडला. मी मान वर केली.

भिंत होती. कापड खाली पडलं होतं. सूर्यभान नव्हता.

गोदामाला दार एकच, आणि दारात मी उभी होते.

पोलीस येऊन गेले. कुठे गेला असेल, येईल म्हणाले. शूटिंग बंद. बाकीचे पुण्याला परतले.

९ मार्च

सरांनी रिकाम्या गोदामात कॅमेरा लावला. सूर्यभान आत आहे. भिंतीपाशी, त्या उजेडात, आमच्याकडे तोंड करून. ओठ हलतायत. आवाज नाही. मॉनिटरवरून नजर काढली की तिथे कोणी नाही.

मालनबाईंपासून लपवणं जमलं नाही. अंधारात मॉनिटरवर उमटणारे करडे दाणे धूळ समजून त्यांनी पदराने पडदा पुसला. मग म्हणाल्या, "माझाच हाय. कालपासनं उपाशी हाय त्यो. कुनी आत जाऊन हाताला धरून आना की गं."

सरांनी कॅमेरा सोडला तर दिशा कोण सांगणार? मालनबाईंचे गुडघे गेलेत. राहिले मी.

१० मार्च, सकाळ

सर दोनदा नाही म्हणाले, मग तयार झाले. माझ्या कमरेला दोर, दुसरं टोक मालनबाईंच्या हातात. सर मॉनिटर बघून सांगतील. फार भीती वाटतेय. पण सूर्यभानला दिवा दे म्हटलं की तो आधी माझ्यासाठी स्टूल आणायचा.

दुपार, १२.४०

सर सांगत होते, डावीकडे, अजून दोन पावलं, हात पुढे कर. हात पुढे केला. रिकाम्या हवेत एक हात लागला. गार, पण त्याचाच. बोटं आवळली. आता तो मला दिसतो.

मागे वळले तर दार नाही.

१२.५५

त्यांचं बोलणं ऐकू येतं. सरांनी सगळी कापडं फाडली. म्हणतात, गोदामात लख्ख ऊन आहे. इथे रात्रच आहे. मी कमरेचा दोर ओढला, सैल आला. मालनबाई रडतायत — "दोर हातात हाय, पोर न्हाई."

सूर्यभान बोलतो, पण मला त्याचे नुसते ओठ दिसतात. सारखा भिंतीकडे बोट दाखवतो. तिथे भिंत नाही. उजेड तिथूनच येतोय. त्याच उजेडात हे लिहितेय.

१.१०

सर ओरडून सांगतायत, मी त्यांना पडद्यावर दिसते. कॅमेरा आमच्यावर आहे तोवर उजेड जागचा हलत नाही. हे सूर्यभानने माझ्या तळहातावर बोटाने लिहून सांगितलं. परवा कॅमेरा बंद झाला तेव्हा उजेड पुढे आला होता. त्यात माणसं उभी आहेत. पुष्कळ. तोंडं धुतल्यासारखी कोरी —

१.२५

सर म्हणाले, बॅटरी संपत आली. बदलायला अर्धं मिनिट. फक्त अर्धं मिनिट. मी ओरडले, नको — ऐकू गेलं का माहीत नाही —

सूर्यभानने मला मागे ओढलं, स्वतः पुढे उभा राहिला —

बाहेरचे आवाज थांबले. बंद झाला असेल. मोजतेय. चार. पाच.

ती माणसं चालतायत. सूर्यभानचा चेहरा पुसट — हात सोडणार नाही, सोडणार —

अकरा. बारा. वहीवर उजेड इतका की अक्षर